मधल्या सुट्टीत नळावर उभी राहणारी मुले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा सुरू होऊन महिना झाला. या दिवसांत आठवीच्या वर्गात दरवर्षी जे घडते, त्याबद्दल लिहिते आहे. आमच्या भागात बऱ्याच गावांची जिल्हा परिषद शाळा सातवीला संपते आणि मुले एसटीचा पास काढून तालुक्याच्या हायस्कुलात येतात. पाचवीपासून तिथेच असलेल्यांचे गट तोवर पक्के झालेले असतात. कोण कोणाशेजारी बसणार, डबा कुठल्या झाडाखाली खाणार, सगळे ठरलेले. नवी आलेली बहुतेक मुले पंधरा दिवसांत कुठेतरी सामावतात. एखाद-दोन राहतात.

मी २९ वर्षे मराठी शिकवले. त्या एखाद-दोघांपैकी एक मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मधल्या सुट्टीत पाच मिनिटांत जेवायचा आणि उरलेला सगळा वेळ नळावर डबा धूत राहायचा. झाकण, मग आतली वाटी, मग पुन्हा झाकण. मला वाटायचे, काय टापटिपीचे पोर आहे! अख्ख्या पटांगणात एकट्याने उभे राहिले तरी ‘इथे काय करतोस?’ असे कोणी विचारत नाही अशी तेवढी एकच जागा आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

त्याच्या प्रगतिपुस्तकात मी काय लिहिले? २०१० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी आम्हाला वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात मी लिहिले, ‘वर्गमित्रांमध्ये मिसळावे.’ हे वाक्यही माझे नाही, नोंदींच्या तयार पुस्तिकेतून उतरवलेले. अपूर्णांकांचा भागाकार अडलेल्या मुलाच्या वहीत ‘भागाकार यावा’ एवढे लिहून कुठलेही गुरुजी थांबत नाहीत, खडू घेऊन करून दाखवतात. मिसळायचे कसे, हे मी त्याला कधी दाखवले नव्हते.

बरे, पोरगा अबोल मुळीच नव्हता. एसटीवर बोलायला लागला की थांबायचा नाही. नंबर एमएच १४ असेल तर गाडी दापोडीच्या कार्यशाळेतली, एमएच २० असेल तर चिकलठाण्याची, एमएच ४० म्हणजे नागपूरजवळच्या हिंगण्याची. पण हे सगळे तो क्रिकेटवर रंगलेल्या पोरांच्या घोळक्यात मधेच घुसून सांगायचा. पोरे हसायची. मग आठवडाभर पुन्हा नळ. आणि आम्ही मोठी माणसे त्याला सांगायचो, ‘जा की, बोल की, खातात का तुला ती?’ म्हणजे जे करून त्याची फजिती होत होती, तेच पुन्हा करायला.

माझी भाची पुण्यात विशेष शिक्षिका आहे. तिच्याकडून मला अमेरिकेतल्या एका कार्यक्रमाबद्दल कळले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. एलिझाबेथ लॉगेसन यांनी अशा किशोरांसाठी ‘पीअर्स’ नावाचा वर्ग तयार केला. आठवड्यातून एकदा दीड तास, मुले एका खोलीत आणि त्याच वेळी पालक दुसऱ्या खोलीत. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी, की मोठ्यांना काय योग्य वाटते ते तिथे शिकवत नाहीत. ज्या मुलांना मित्र आहेत ती प्रत्यक्षात काय करतात, ते पाहून तेच शिकवतात. ती मुले घोळक्यात शिरताना ‘नमस्कार, मी अमुक’ म्हणत नाहीत. आधी जरा बाजूला थांबून विषय कानावर घेतात. विषय आपल्याला ठाऊक असेल तरच जवळ जातात, बोलण्यात खंड पडला की त्याच विषयावर एखादे वाक्य टाकतात. कोणी मान वळवली नाही, तर न रुसता निघून जातात.

हे मी त्या मुलाबरोबर स्टाफरूमच्या व्हरांड्यात करून पाहिले. मी घोळका, तो नवा. सुरुवातीला दोघांनाही हसू येत होते. त्याला सर्वांत अवघड गेले ते उलट प्रश्न विचारणे. आपल्याला माहीत असलेले सांगायचे नाही, समोरच्याला माहीत असलेले विचारायचे, हे त्याला अन्यायच वाटत असावा! दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस तो एका मुलाला विचारताना मी ऐकले, ‘तुझे बाबा कंडक्टर आहेत ना? कुठल्या रूटवर असतात?’ ती दोघे दहावीपर्यंत एका बाकावर बसली. बाकीच्या वर्गाशी त्याचे जेवढ्यास तेवढेच राहिले, आणि त्याची त्याला काही खंतही नव्हती.

कोणी मुद्दाम चिडवत, छळत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एकट्या पडलेल्याला शिकवण्यात अर्थ नाही, छळणाऱ्यांना आवरावे लागते. मुलींचे एकटेपण तर दिसतही नाही. त्यांना कोणी हाकलत नाही, घरी जाताना नुसते हाक मारायचे टाळतात.

शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. त्यातला एखादा शनिवार जून-जुलैतच या सरावाला द्यावा, आणि नववीलाही द्यावा. पहिले दोन महिने बाकांवरच्या जोड्या आठवड्याला बदलाव्यात. जोडीदार निवडायला मात्र मुलांना सांगू नये, कारण शेवटी उरणारा कोण असतो ते वर्गातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असते. आणि मधल्या सुट्टीत वाचनालय उघडे ठेवावे, तिथे कॅरमचा एक बोर्ड मांडावा. कॅरम खेळताना फार बोलावे लागत नाही. आमच्या शाळेत बोर्ड दोन होते. दोन्ही स्नेहसंमेलनाच्या सामानाबरोबर कुलपात असत आणि किल्ली शिपाईमामांच्या खिशात. ती मागायला मुख्याध्यापकांची चिठ्ठी लागू नये, एवढे तरी यंदा व्हावे.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा