किरमिजी रंग किड्याचा

संपादक महोदय,

साड्यांच्या जाहिरातींत आणि फॅशनच्या लेखांत हल्ली कुठल्याही गडद लालाला ‘किरमिजी’ म्हणतात. हा शब्द इंग्रजी ‘क्रिमझन’वरून आला, असाही समज आढळतो. किरमिज मराठीत आला तो अरबी-फारसीतून. फारसीत ‘किर्म’ म्हणजे किडा, आणि हा रंग किड्यापासूनच काढतात. आपला ‘कृमी’ त्याचाच भाऊबंद. क्रिमझन आणि कार्माइन त्याच घराण्यातले, पण युरोपात नांदायला गेलेले. तेव्हा ज्या लालात किडा नाही त्याला डाळिंबी म्हणा, मरून म्हणा. शब्दांना तोटा नाही.

जुना किरमिज भूमध्य समुद्राकाठच्या ओकच्या झुडपांवरच्या किड्यांचा. सोळाव्या शतकात मेक्सिकोतला, निवडुंगावर पोसलेला, रंगासाठी वाळवलेला कोचिनील किडा युरोपात पोहोचला आणि त्याने जुन्या मालाला बाजारातून उठवले. आता बहुतेक कोचिनील पेरू देशातून येतो. आपली लाखही किड्याचीच, पारंपरिक अळता तिच्याच रंगाचा.

सांगलीत घोटाळा होतो तो हळदीमुळे. राजापुरी हळद चुन्याच्या निवळीत कालवली की झकास लाल येतो आणि तो ‘नैसर्गिक किरमिजी’ म्हणून खपवला जातो. पारख सोपी आहे. कापडाच्या कोपऱ्यावर लिंबाचा थेंब टाका. हळद-चुन्याचा लाल लगेच पिवळा पडतो. तुरटीवर चढवलेला कोचिनील नारिंगीकडे झुकतो, पिवळा होत नाही. धुण्याच्या सोड्याचे पाणी लावले तर जांभळा होतो. हळदीत टाकणखार आणि लिंबू घालून केलेला कुंकवाचा लाल मात्र लिंबाला दाद देत नाही. त्यावर सोड्याचे पाणी लावा, हिरवट-काळा डाग उठेल.

खरा किरमिजी हवा असेल तर १०० ग्रॅम लोकर धुऊन १५ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात तासभर ८०-८५ अंशांवर ठेवावी. दुसऱ्या भांड्यात ५ ते ८ ग्रॅम कोचिनीलची पूड उकळून, गाळून घ्यावी आणि लोकर त्यात तासभर तेवढ्याच आचेवर ठेवावी. खळखळ उकळू देऊ नये, लोकर आटते आणि गुठळते. भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडी कढईत रंग काळपट जांभळा होतो. बोअरच्या जड पाण्यातला चुनाही रंग जांभळ्याकडे ओढतो, म्हणून पावसाचे पाणी उत्तम. ते नसेल तर चमचाभर व्हिनेगर घालावे, पण बेताने, कारण जास्त झाले की नारिंगी झाक येते.

सुती कापडावर नुसत्या तुरटीने हा रंग फिका बसतो. त्याला आधी हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळवावे, मग तुरटी द्यावी. तरीही लोकरीइतका किंवा रेशमाइतका गडदपणा सुतावर येत नाही.

— नैसर्गिक रंगकाम करणारे काही वाचक, सांगली