‘बिल दे’ म्हणालात, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत.

पदवीला आम्हाला ‘उद्योजकता विकास’ हा विषय होता. त्या कॉलेजात शिकवणं म्हणजे व्याख्या उतरवून देणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिलं, कर्तृत्वाची ऊर्मी शिकवून वाढवता येते असं मांडलं, तेसुद्धा आम्ही गुणांसाठी पाठच केलं! एक वस्तू विकायला कुणी लावली नाही. घरचा बेदाणा पाकिटं करून विकायचा विचार बोलून दाखवला, तर ‘आधी बँकेच्या परीक्षा दे’ एवढंच ऐकायला मिळालं. तो राग अजून गेलेला नाही.

एमबीएला तुम्ही भेटलात आणि पहिल्याच आठवड्यात हिशेब मांडायला बसवलंत. साधारण चार किलो द्राक्षांमागे एक किलो बेदाणा, शेडचं भाडं, निवडणावळ, घट. वर म्हणालात, “आईच्या कामालाही दर लाव.” आमच्या तासगावाकडे घरच्या बायकांची मजुरी खर्चात धरलेली मी तोवर पाहिली नव्हती. हिशेब पाहून वर्गातल्या काहींनी धंद्याचा विचार सोडला. तुम्ही त्यांचंही कौतुक केलंत. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका अभ्यासात अशा शिक्षणानंतर विद्यार्थ्यांची उद्योगाची इच्छा उलट कमी झालेली दिसली, हे तुम्हीच सांगितलंत. कर्ज काढून बुडण्यापेक्षा वर्गात कळलेलं बरं, हे मला मनापासून पटतं.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. पहिलं पाकीट मी तुम्हाला भेट म्हणून आणलं होतं. तुम्ही ते टेबलावर ठेवून विचारलंत, “किंमत काय? बिल दे.” वहीचं पान फाडून माझ्याकडून बिल लिहून घेतलंत, पूर्ण पैसे मोजलेत. दुसऱ्या दिवशी सांगितलंत, “तळाशी काड्या निघाल्या.” नातेवाइकांनी शाबासकी दिली होती, मैत्रिणींनी आवडीनं खाल्लं होतं, गिऱ्हाईक होऊन उभ्या राहिलात त्या फक्त तुम्ही. हा धंदा मी करणार, हे त्या तक्रारीनंतर माझं पक्कं झालं. नवख्या माणसाच्या मालाला पूर्ण दाम देणारी आणि खोट तोंडावर सांगणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं पाऊल पुढे पडतं.

आईची मजुरी आता दरमहा तिच्या खात्यावर जमा होते. तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

तुमची विद्यार्थिनी