काटा ५१ वरच होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं घेणं, दंडाचा घेर पट्टीने मोजणं हे माझं रोजचं काम. २०२५ च्या जूनमध्ये माझी आई अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. तिचं पोट पाच महिने माझ्या डोळ्यांदेखत वाढत होतं, म्हणून हे पत्र.

२०२२ च्या गणपतीत तिने पहिल्यांदा पानातला मोदक तसाच ठेवला. म्हणाली, "गो, वायच खाल्लंय तरी पोट तटतटता." पित्त असेल म्हणून आमसुलाचं सार झालं, ओवा झाला, मग पित्ताच्या गोळ्या. लघवीला सारखी उठायची, ते वयावर गेलं. मी तिला अंगणवाडीच्या काट्यावर उभं केलं: ५१ किलो. दोन महिन्यांनी पुन्हा ५१. वजन उतरत नाही म्हणजे काळजीचं काही नाही, असं मीच तिला सांगितलं. गाल बसले होते, बांगड्या कोपराकडे सरकत होत्या. परकराची नाडी मात्र ती सैल करत चालली होती. धुणं वाळत घालताना नाडीवर जुन्या गाठींच्या चुरगळलेल्या खुणा दिसायच्या, एकीपुढे एक, बोटबोट अंतरावर. मी त्या पाहिल्या आणि परकर दोरीवर टाकला.

फेब्रुवारीत सोनोग्राफी झाली. पोटात पाणी होतं. पहिल्यांदा काढलं तेव्हा पाच लिटर निघालं आणि काटा ४६ वर आला. अंगावरचं मांस झडत होतं, पाणी त्याची भरपाई करत होतं.

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात तिसरी अवस्था सांगितली. तीन केमो, मोठं ऑपरेशन, पुन्हा तीन केमो. दर २१ दिवसांनी कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेसने दादर, मुक्काम गाडगे महाराज धर्मशाळेत. त्या धर्मशाळेचे उपकार फिटायचे नाहीत. केमोने तिची बोटं बधिर झाली, तरी पुढच्या वर्षी मे महिन्यात तिने रातांबे फोडून आमसुलं घातली. नंतर आजार उलटला.

गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही. पोट फुगणं, दोन घासांत भरल्यासारखं वाटणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी ही लक्षणं पित्तासारखी, वयासारखीच दिसतात. म्हणून तर बहुतेक बायका तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत पोचतात. उपकेंद्रात तिशीपुढच्या बायकांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख तपासतात. आईला तिथे मीच नेलं होतं, सगळं ठीक निघालं. पण गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीत अंडाशय दिसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. धडधाकट बाईत हा रोग आधीच हुडकून काढील अशी खात्रीची तपासणी आजही नाही. त्यामुळे लक्षणांकडेच बघावं लागतं. पाळी गेलेल्या बाईचं पोट नव्याने फुगायला लागलं आणि दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही, तर गोळी बदलून घेऊ नका, सोनोग्राफी मागा. सोबत सीए-१२५ ही रक्ताची तपासणीही करतात, पण सुरुवातीला ती नॉर्मल येऊ शकते.

अजून एक. माझी मावशी स्तनाच्या कर्करोगाने गेली होती. हे दोन रोग घराण्यातून एकत्र येऊ शकतात, त्यासाठी जनुकांची तपासणी असते, हे आम्हाला परळला कळलं. आपल्याकडे बायकांचे आजार घरात बोलत नाहीत. मावशीला नेमकं काय झालं होतं, हेसुद्धा मी चाळिशीत ऐकलं.

आपल्या महिला पुरवणीत ही चार लक्षणं दर महिन्याला एका चौकटीत छापावीत, एवढीच विनंती. अंगणवाडीच्या भिंतीवर मी ती चिकटवीन.

आता बायका जमल्या की मी विचारते, परकराची नाडी सैल करावी लागते का? परवा एका काकींनी खाली मान घालून हो म्हटलं. मंगळवारी त्यांना कणकवलीला सोनोग्राफीला नेते आहे.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग