मोफत स्टेंटनंतरच्या गोळ्यांचे काय? सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता रुग्णालयातील मोफत उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. त्याआधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, आपल्या विभागाच्या दवाखान्यांतले केसपेपरचे शुल्कही माफ झाले. दोन्ही निर्णयांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण कार्ड उपयोगी पडते ते रुग्ण दाखल झाल्यावर. रक्तदाबाची, साखरेची गोळी रोज लागते आणि ती अजूनही बहुतेकांना पदरचे पैसे मोडून आणावी लागते. श्रावणबाळ योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांवर जगणाऱ्याला हे परवडत नाही. मग एक दिवसाआड गोळी घेणे सुरू होते.

स्टेंटचेच, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीचेच बघा. कार्डावर तो मोफत बसतो, घरी सोडल्यानंतरची औषधे मात्र १५ दिवसांपुरतीच मिळतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी रोखणारी दोन औषधे मिळून साधारण वर्षभर घ्यावी लागतात. क्लोपिडोग्रेल मध्येच सुटली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि रुग्ण पुन्हा अतिदक्षता विभागात येतो. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच गोळीचे नाव, मात्रा आणि कालावधी रुग्णाच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणे रुग्णालयाला बंधनकारक करा, आणि त्या केंद्राला ही औषधे ठेवायला लावा.

आमची मुख्य मागणी आहे ती स्थिर रुग्णाला एकाच वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची, त्याही गावाजवळच्या उपकेंद्रातून. आज अनेक ठिकाणी दहा-पंधरा दिवसांच्याच मिळतात. पंचाहत्तरीनंतर एसटी मोफत आहे हे खरे, पण जिथे एसटीच पोहोचत नाही तिथे जीपचे भाडे गोळ्यांच्या किमतीहून जास्त होते. तपासून मात्रा ठरवतील वैद्यकीय अधिकारी. पुढचे वाटप आणि रक्तदाब मोजणे उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी करू शकतात. मोजमाप बिघडले तर रुग्णाला वर पाठवायचे.

यासाठी साठ्याचा हिशेब रुग्णांच्या नोंदणीवरून व्हायला हवा. मागच्या वर्षीच्या खपावरून मागणी केली की ज्या महिन्यांत गोळ्या संपल्या होत्या त्या महिन्यांचा खप शून्य दिसतो आणि यंदाही माल कमीच येतो. उपकेंद्रात रक्तदाबाची ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रोज एक घेणारे १०० रुग्ण असतील तर तीन महिन्यांना ९,००० गोळ्या आणि महिन्याचा राखीव साठा ३,००० असे १२,००० धरा. साखरेची मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असेल तर दुप्पट. मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनच्या कुपीसोबत ४० युनिटचीच सिरिंज द्या. बाहेरून आणलेल्या १०० युनिटच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात आठच युनिट जातात.

दुसरी अडचण चिठ्ठीची. औषध नियमांतील नियम ६५ (११अ) नुसार दुकानदाराला लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देता येत नाही, घटक तेच असले तरी. त्यामुळे ब्रँडचे नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन स्वस्त जेनेरिक औषधांच्या जनऔषधी केंद्रात गेलेले आजोबा रिकाम्या हाताने परततात. सरकारी दवाखान्यातली प्रत्येक चिठ्ठी घटकाच्या नावाने, सुवाच्य अक्षरांत हवी. याचा आणखी एक फायदा आहे. खासगी डॉक्टरांच्या एकत्रित गोळीत टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन ही रक्तदाबाची दोन्ही औषधे असतात. आरोग्य केंद्रातून ॲम्लोडिपिन वेगळी मिळाली की काही जण दोन्ही गोळ्या घेतात. रक्तदाब खाली येतो, रात्री उठताना भोवळ येते आणि खुब्याचे हाड मोडते. त्या शस्त्रक्रियेला मग योजनेतून पैसे मिळतात! गोळ्या देताना घरातल्या सगळ्या पट्ट्या मागवून ताडून पाहण्याची सक्ती करा. पाच मिनिटांचे काम आहे.

सुरुवात एका जिल्ह्यापासून करा, पण येत्या खरेदीची मागणी जिल्ह्याजिल्ह्यांतून जाण्याआधी. ती एकदा गेली की वाढीव गोळ्यांसाठी पुन्हा वर्षभर थांबावे लागेल.

आपले,
ग्रामीण भागात औषधवाटपाचे काम करणारे औषधनिर्माते