छायाचित्रातला दुसरा माणूस कुठे गेला?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याच्या थडग्यावरचा लेख वाचला. लेखाबद्दल तक्रार आहेच, पण छायाचित्राबद्दल जास्त आहे. राजाच्या शवपेटीवर वाकलेला हॉवर्ड कार्टर, म्हणजे ते थडगं शोधणारा इंग्रज उत्खननकार, आपण छापलात. मूळ छायाचित्रात त्याच्या शेजारी एक इजिप्शियन माणूसही आहे. आपल्या पानावर त्याच्या जागी मथळा आहे. मथळ्यासाठी माणूस कापला?

हे मला इतकं का लागलं, ते सांगते. पस्तीसेक वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका उत्खननावर मी खापरांची चित्रं काढायला होते. खोदायला गावातल्या बायका होत्या. एका सकाळी त्यांच्यातल्या एका मावशींनी खुरपी खाली ठेवली, तळव्यानं माती चाचपली आणि म्हणाल्या, "थांबा, हे सारवलेलं हाय." आम्हाला सगळी माती सारखीच दिसत होती. हलक्या हातानं साफ केल्यावर घराची जमीन निघाली, चुलीसकट. आठवड्याभरात वर्तमानपत्राचा माणूस आला. त्यानं मावशींना बाजूला व्हायला सांगितलं आणि साहेबांचा फोटो काढला. पुढे अहवाल छापून आला. त्यात माझं नाव आहे, मावशींचं नाही. मी तेव्हा गप्प बसले, ते अजून टोचतं.

इजिप्तमध्येही असेच जाणते हात आहेत. फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं 1893-94 मध्ये कुफ्त गावच्या लोकांना खोदकामात तयार केलं. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या हे कुफ्ती देशभरच्या उत्खननांवर मुकादमी करत आले. मातीत गाडलेली कच्च्या विटांची भिंत तशाच मातीतून वेगळी काढणं सोपं नसतं. त्यांना ते जमतं. मुकादमाला तिथे रईस म्हणतात. अहमद गेरिगर, गाद हसन, हुसेन अबू अवाद आणि हुसेन अहमद सईद या आपल्या चार रईसांचे कार्टरनं पुस्तकात नावानिशी आभार मानले आहेत. शंभर वर्षांपूर्वी त्याला जे सुचलं, ते आपल्या पानभर लेखात एका ओळीतही नाही!

"दार उघडलं आणि खजिना हाती लागला," असं लेखात आहे. 4 नोव्हेंबर 1922 ला थडग्याकडे उतरणारी पहिली पायरी दिसली. थडगं रिकामं व्हायला पुढे जवळपास दहा वर्षं गेली. वस्तू पाच हजारांच्या वर. कपडे आणि चपला ठेवलेली एकच रंगीत पेटी उपसायला तीन आठवडे लागले. मण्यांच्या चपलांमधला धागा कुजलेला, हात लावताच मणी विखुरणार. म्हणून आधी वितळलेलं मेण ओतून मणी जागच्या जागी धरायचे, मग उचलायचं. वस्तूंना क्रमांक, त्यांची कार्डं, रेखाटनं. ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटनं या नोंदी इंटरनेटवर सर्वांना खुल्या केल्या आहेत. आपल्या लेखकाला त्या घरबसल्या वाचता आल्या असत्या.

आणखी एक. छायाचित्राखाली आपण "संग्रहित" एवढंच छापलंत. ते हॅरी बर्टनचं आहे. जवळच्या एका थडग्यात अंधारखोली करून काचेच्या निगेटिव्ह धुणाऱ्या माणसाचं नाव छापायला अर्धी ओळ पुरली असती.

पुढच्या रविवारी ते छायाचित्र न कापता, बर्टनच्या नावासह पुन्हा छापावं, ही विनंती. जागा कमी पडत असेल तर माझं हे पत्र छापू नका.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, नाशिक