रिव्हॉल्व्हर नको, पण लेथ हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील हौशी कारागीर घरच्या गॅरेजमध्ये धातू कातणाऱ्या-कोरणाऱ्या लेथ आणि मिलिंग मशीनवर आपल्या पसंतीचे रिव्हॉल्व्हर घडवतात, आणि त्याच्या चित्रफिती आपल्याकडची आयटीआयची मुले मन लावून पाहतात. चिंचवडच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यासाठी साचे-हत्यारे घडवणाऱ्या विभागात, 34 वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला त्या कामातली हातोटी कळते. फिरत्या सिलिंडरचे प्रत्येक चेंबर, म्हणजे काडतुसाचे घर, आपल्या पाळीला नळीच्या नेमके समोर येऊन थांबले पाहिजे, आणि ते साधण्यासाठी तासन्‌तास घालवणाऱ्या माणसाला मी कुशल कारागीरच म्हणेन. आमच्या सोसायटीतील टर्नरचा कोर्स करणाऱ्या मुलाने मला विचारले, "काका, हे तर आपल्यालाही जमेल ना?" 'हे करू नकोस' असे मी त्याला सांगितले; ते उत्तर इतर मुलांपर्यंतही पोहोचावे, म्हणून हे पत्र.

आधी कायद्याविषयी. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी, विक्रीचा हेतू न ठेवता बंदूक बनवायला सर्वसाधारणपणे परवाना लागत नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र त्यासाठीही आधी क्रमांक घ्यावा लागतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय बंदुक बनवणेच नव्हे, तर ती दुरुस्त करणे किंवा तिची चाचणी घेणेही गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. शस्त्र बाळगण्याचा परवाना असला, तरी तो शस्त्र घडवण्याचा परवाना नसतो. 'मी ते कुणाला विकणार नव्हतो' एवढ्यावर बनवणाऱ्याची सुटका होत नाही, हे चित्रफीत पाहणाऱ्या मुलाला कोणी सांगत नाही.

पण कायदा बाजूला ठेवला, तरी माझे उत्तर तेच राहते, आणि त्याचे कारण मी स्वतः हात पोळून शिकलो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका प्रेस टूलचा पंच (पत्रा दाबून कापणारा पोलादी ठोकळा) केला होता. मायक्रोमीटरने सगळी मापे तपासली, कुठेही दोन मायक्रॉनची चूक नव्हती, आणि हार्डनिंग (तापवून तेलात बुडवून कडक करणे) होऊन आल्यावर वरून आरशासारखा लखलखीत होता. पहिल्याच दाबाला तो उभा चिरला. तुटलेल्या तोंडावर अर्ध्या भागात जुना काळसर डाग होता. म्हणजे तेलात बुडवतानाच पोटात तडा गेला होता, आणि माझ्या कोणत्याही मापाला तो दिसला नव्हता. मशीनला जाळी होती म्हणून माझे डोळे वाचले. रिव्हॉल्व्हर मात्र माणूस तोंडासमोर हातभर अंतरावर धरतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण 32 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाबाची हवा असते; .357 मॅग्नम काडतुसाला ठरवून दिलेली दाबाची मर्यादा 35,000 पीएसआय आहे. म्हणूनच परवानाधारक कारखान्यातही नुसत्या मापावर भिस्त ठेवत नाहीत, तर नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून प्रत्येक शस्त्राची परीक्षा घेतात. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस 1813 पासून याच कामासाठी उभे आहे. घरच्या खोलीत ती परीक्षा कोण घेणार?

मुलांच्या हातातली खाज मात्र खरी आहे, आणि तिला 'हे करू नका' एवढेच उत्तर देणे मला अपुरे वाटते. आयटीआयमधील आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील लेथ संध्याकाळी झाकून पडलेले असतात. निदेशकाच्या देखरेखीखाली, माफक शुल्क घेऊन, आठवड्यातून दोन संध्याकाळी ते हौशी मुलांसाठी खुले करावेत, अशी माझी कौशल्य विकास विभागाला कळकळीची विनंती आहे. निवृत्त टर्नर-फिटर शिकवायला आनंदाने येतील. मी तर येईनच. आमच्या सोसायटीतील तो मुलगा सध्या पितळेचे छोटे वाफेचे इंजिन करतो आहे. त्याचा क्रँकशाफ्ट फिरताना अजून एका ठिकाणी अडतो, आणि कॉलेजच्या वर्कशॉपची वेळ संपल्यावर त्याला लेथ मिळत नाही.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कारागीर, चिंचवड