दमदार पत्ते आले की गप्पच बसायचं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पोकरवरचा लेख वाचला, लिहिलंय छान, पण दमदार पत्ते लागले की स्लो प्ले करा, म्हणजे चेक करत (पैज न लावता पाळी पुढे ढकलत) गप्प बसा आणि समोरच्याला जाळ्यात येऊ द्या, असं जे सरसकट सांगून टाकलंय ते काही मला पटलं नाही. मी कोणी एक्सपर्ट नाही, मित्रांत नुसत्या चिप्सवर खेळतो, पण या एका सल्ल्यापायी मी जेवढ्या चिप्स घालवल्यात तेवढ्या भिकार पत्त्यांनीही घालवल्या नसतील.

मागच्याच डावाचं सांगतो. हातातले दोन पत्ते म्हणजे नव्व्यांची जोडी, इस्पिक आणि चौकट. फ्लॉप, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडे पडणारे पहिले तीन पत्ते, आला बदामची नव्वी, बदामची अठ्ठी, किलवरची चव्वी. म्हणजे तीन नव्व्या झाल्या की, मनात लाडू फुटले! समोर तिघं होते आणि मी शहाण्यासारखा चेक केलं, तिघांनीही चेक केलं. टर्नला, म्हणजे चौथा उघडा पत्ता म्हणून, बदामचा राजा पडला, मला वाटलं चला कुणाची तरी राजांची जोडी जमली असेल, म्हणून मोठी बेट (पैज) लावली तर एकाने सरळ रेझ केलं, म्हणजे ती वाढवली, आणि मी कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप्स भरून बसलो. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, काही आलं नाही. त्याच्याकडे बदामची पंजी आणि तिर्री, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते, फ्लश! वर तोच मला म्हणतो, "अरे मी पत्ते टाकायलाच बसलो होतो, तू पुढचा पत्ता फुकट दिलास म्हणून पाहिला."

हे फुकट दिलास म्हणाला ना, सगळी गोम तिथेच आहे. एकाच रंगाचे चार पत्ते झालेल्याला पाचवा मिळण्याचा चान्स पुढच्या एका पत्त्यावर ४७ पैकी ९, म्हणजे १९ टक्क्यांच्या आसपास असतो आणि टर्न-रिव्हर दोन्ही बघायला मिळाले तर ३५ टक्के. हा चान्स त्याला विकत घ्यायला लावायचा की वाटायचा हे आपल्या हातात असतं, मी वाटला. नव्वी-अठ्ठी शेजारी शेजारी असल्यामुळे स्ट्रेटची (ओळीने पाच पत्त्यांची) वाट बघणाराही तिथे कोणी असू शकतो हे तर मी बघितलंच नव्हतं, मी आपला माझ्या तीन नव्व्यांकडेच बघत बसलेलो.

म्हणून मला वाटतं आपले पत्ते किती भारी आहेत हा प्रश्नच नाहीये, समोरच्याकडे आपल्याला द्यायला काय उरलंय हा आहे. समजा फ्लॉप आला राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांचे. माझ्याकडे सत्त्यांची जोडी असेल तर मी लगेच बेट लावीन, कारण तीन राजे अजून बाहेर आहेत आणि ज्याच्याकडे राजा आहे तो काही पत्ते टाकत नाही. पण तोच फ्लॉप आणि माझ्याकडे राजांची जोडी असली तर? आता बाहेर एकच राजा उरला, बेट लावली की सगळे फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून मोकळे, मग इथे चेक करून कुणाला तरी काहीतरी जमू देण्यात अर्थ आहे. दोन्हीकडे सेटच (हातातली जोडी आणि फ्लॉपमधला तसाच तिसरा पत्ता), फ्लॉप तोच, पण निर्णय उलटा. लेखात नेमकं हेच यायला हवं होतं.

दुसरं म्हणजे पॉटचं गणित. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या ढिगात, १०० चिप्स आहेत आणि फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्ही वेळा पॉटएवढी बेट लावली नि एकाने कॉल केली तर पॉट ३००, मग ९००, मग २७०० होतो, त्याच्याकडून आपल्याला मिळतात १३००. फ्लॉपला एकदाच गप्प बसलो तर मिळतात ४००. एवढं नुकसान भरून येणार असेल तरच गप्प बसावं ना. आणि जो काहीही झालं तरी कॉल करतो त्याच्यापुढे कसलं आलंय लपवणं, त्याला बेटच लावत राहायची. चेक दिसला की ज्याचे हात शिवशिवतात, उगाच ब्लफ मारतो, सापळा त्याच्यासाठी.

१९८८ च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये जॉनी चॅन या खेळाडूने शेवटच्या डावात असाच सापळा लावला. त्याच्याकडे गुलाम-नव्वी, फ्लॉपला राणी-दश्शी-अठ्ठी, म्हणजे फ्लॉपलाच स्ट्रेट, तरी त्याने जोर दाखवला नाही. एरिक साइडेलकडे राण्यांची जोडी, त्याने चिप्स लावल्या तर चॅनने नुसतं कॉल केलं, आणि शेवटी साइडेल स्वतःहून ऑल-इन गेला, म्हणजे सगळ्या चिप्स लावून बसला. हे बघून आम्ही सगळे चॅन व्हायला जातो, पण तिथे समोर माणूस एकच होता हो, आणि त्याच्याकडे हरायला पुरेल असे चांगले पत्ते होते!

एक्क्यांच्या जोडीचंही तसंच, २२१ डावांत एकदा येणार, तर लोक रेझच करत नाहीत, का तर कुणी पळून जाऊ नये. शेवटपर्यंत पत्ते उघडले तर समोर कसलेही पत्ते असलेला एकच जण असताना एक्के ८५ टक्के जिंकतात, चौघं असले तर जेमतेम ५६. म्हणजे रेझ न करून गर्दी आपणच जमवायची आणि मग हरलो की नशिबाच्या नावाने बोटं मोडायची.

शेवटी एक विनंती. लेखातल्या उदाहरणात फ्लॉपचे आकडे दिलेत पण पत्त्यांचे रंग नाहीत आणि डावात किती जण होते तेही नाही. लेखकाला विचारून तेवढं छापलंत तर तो चेक बरोबर होता की नाही यावर भांडता तरी येईल.

आपला,
एक नियमित वाचक